चढण आणि घड्याळ

दीर्घ धांवेची शर्यत हा विषय वाङ्मयास मुळांतच अडचणीचा आहे. नाटककारास प्रवेश लागतात, कादंबरीकारास माणसांचे परस्परसंबंध लागतात. येथें तर एक मनुष्य तीन-चार तास एकच क्रिया करीत असतो, आणि ती पहिल्या मैलास जशी दिसते तशीच बहुतेक सव्विसाव्या मैलासही दिसते. जें कांहीं घडतें तें त्याच्या मांड्यांत, फुप्फुसांत व मनांत घडतें. अशा अवघड विषयास ज्यांनीं हात घातला त्यांपैकीं तिघांचा विचार येथें करावयाचा आहे : इंग्रज कथाकार ॲलन सिलिटो यांची १९५९ सालची दीर्घकथा ‘द लोन्लीनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स रनर’, अमेरिकन लेखक जॉन ब्रँट यांचें २००६ सालचें ‘ड्युएल इन द सन’, आणि जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांचें धांवण्याविषयींचें आत्मनिवेदन, जें २००७ सालीं जपानींत व पुढच्या वर्षीं फिलिप गेब्रिएल यांच्या भाषांतरानें इंग्रजींत आलें. तिन्ही कृतींचें रूप निरनिराळें आहे. तरी त्या एकाच कसोटीवर घांसून पाहण्याचा आमचा मानस आहे. चढउताराच्या शहरांतून ठराविक वेळेच्या आंत पोहोंचूं पाहणारा जो साधा मनुष्य, त्याच्या मनाचा ठाव यांतील कोणास किती लागला, ही ती कसोटी होय.

या मनुष्याची ओळख वाचकांस थोडी करून दिली पाहिजे. बॉस्टन शहराची शर्यत १८९७ सालीं सुरू झाली, तेव्हां तींत अवघे पंधरा जण धांवले. १९७० सालीं गर्दी वाढूं लागली म्हणून चालकांनीं अट घातली कीं, चार तासांच्या आंत अंतर तोडण्याइतका सराव झालेल्यांनींच यावें. पुढच्याच वर्षीं चाराचे साडेतीन तास झाले. (स्त्रियांस तर १९७२ पर्यंत अधिकृत प्रवेशच नव्हता, हें ‘पात्रता’ या शब्दाच्या इतिहासांत विसरूं नये.) आतां ही अट वयोमानाप्रमाणें ठरलेली आहे. २०२६ च्या शर्यतीसाठीं अठरा ते चौतीस वर्षांच्या पुरुषास दोन तास पंचावन्न मिनिटें व त्याच वयाच्या स्त्रीस तीन तास पंचवीस मिनिटें, अशी मर्यादा होती. पण खरी मौज पुढेंच आहे. एवढ्या वेळांत पोहोंचलें म्हणजे जागा मिळालीच, असें नाहीं. अर्ज फार आले म्हणजे अधिक वेगवान ते आधीं घेतात. २०२६ सालीं मर्यादेहून चार मिनिटें चौतीस सेकंद अधिक वेगानें धांवलेल्यांपर्यंतच दार उघडें राहिलें. म्हणजे तीस वर्षांच्या एखाद्या तरुणानें दोन तास बावन्न मिनिटांत शर्यत पुरी केली, तर त्यानें नेम तर पाळला, पण तो बाहेरच राहिला. त्याचा पराभव कोणी केला? समोर प्रतिस्पर्धी नाहीं, पंचाचा पक्षपात नाहीं. कोठल्याशा निरनिराळ्या शहरांत, निरनिराळ्या दिवशीं धांवलेल्या हजारों अनोळखी माणसांच्या वेळांनीं मिळून त्यास मागें सारलें. ग्रीक शोकांतिकेंत निदान दैवास नांव तरी असे.

आणि तो धांवला कोठें, हा प्रश्न राहतोच. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या चढउतारांनीं भरलेल्या शहरांत ज्यानें ही वेळ साधली त्यास चढणीबद्दल एका सेकंदाचीही सवलत नाहीं. उलट कांहीं हिकमती लोकांनीं डोंगरावरून खालीं उतरणाऱ्या शर्यती हुडकून काढल्या. तेव्हां २०२७ च्या शर्यतीपासून पंधराशें फुटांहून अधिक उतार असलेल्या मार्गावरील वेळेंत पांच मिनिटें, व तीन हजार फुटांहून अधिक असल्यास दहा मिनिटें मिळविण्याचा नियम चालकांनीं केला. उतारास दंड आहे, चढणीस बक्षीस नाहीं. हा नियम अन्यायाचा आहे असें आम्हीं म्हणत नाहीं. पण यांत एक फार चांगली कथा दडलेली आहे, एवढें मात्र खरें. कारण चढणीवर शहाणा धांवणारा घड्याळाकडे पाहून पळत नाहीं. तो आपला श्वास पाहून पळतो आणि सेकंद जाणूनबुजून सोडून देतो. पुढें ते परत मिळतील कीं नाहीं हें त्यास ठाऊक नसतें. हातचें सोडून देण्याचा हा क्षण जो लेखक पकडील त्यानें हा विषय जिंकला.

बॉस्टनच्या मार्गावर सोळा ते एकवीस मैलांच्या दरम्यान न्यूटन येथें चार चढणी लागतात. शेवटचीस ‘हार्टब्रेक हिल’, म्हणजे हृदयभंगाची टेकडी, म्हणतात. हें नांव भूगोलानें दिलेलें नसून वृत्तपत्रानें दिलेलें आहे. १९३६ सालीं आदल्या वर्षीचा विजेता जॉन केली यानें पुढें असलेल्या एलिसन ब्राउन यास तेथें गांठलें आणि जातां जातां त्याच्या खांद्यावर थाप मारली. थाप सहानुभूतीची होती कीं निरोपाची, कोण जाणे. ब्राउन मात्र त्या थापेनें पेटला, पुढें निघून गेला व जिंकला, आणि केली पांचवा आला. ‘बॉस्टन ग्लोब’चे जेरी नेसन यांनीं केलीचें हृदय त्या टेकडीवर भंगल्याचें लिहिलें, आणि नांव कायमचें चिकटलें. ही टेकडी सारी मिळून सत्तावीस मीटर चढते. आमची पुण्याची पर्वती हिच्याहून पुष्कळ उंच. मग एवढ्या टेंगळास एवढी कीर्ति कां? याचें उत्तर तिच्या आधींच्या सोळा मैलांत आहे. आरंभापासून मार्ग बहुतेक उतरत येतो. उतारावर प्रत्येक पावलागणिक मांडीचे स्नायू ताणले जात असतांनाच भार झेलतात, व त्यांची नासाडी होते. शिवाय वीस मैलांच्या सुमारास स्नायूंतील साखरेचा सांठाही सरत आलेला असतो. उतारानें केलेल्या घाताचा दोष चढणीच्या माथीं येतो. नेसन यांचें नांव वाङ्मयदृष्ट्या उत्तम आहे, निदानदृष्ट्या चुकीचें. आणि दीर्घ धांवेवरील बहुतेक लिखाण नेसन यांच्याच मार्गानें गेलें आहे. जेथें रडूं आलें तेथेंच दुःख उपजलें, असें तें समजतें.

सिलिटो यांच्या कथेविषयीं फार लिहिण्याची गरज नाहीं. ती आतां मान्यता पावलेली कृति आहे. सुधारगृहांतला स्मिथ नांवाचा पोर, त्याच्या विजयावर स्वतःचा मोठेपणा उभारूं पाहणारा तेथला अधिकारी, आणि हातीं आलेली शर्यत शेवटच्या रेषेपाशीं मुद्दाम थांबून दुसऱ्यास देऊन टाकणारा तो पोर. ही धांव रानावनांतली आहे व मॅरेथॉनहून पुष्कळ लहान आहे. तरी आमच्या कसोटीस ती एका बाजूनें पुरेपूर उतरते. ‘ही वेळ कोणासाठीं?’ हा प्रश्न इतका नागडा दुसऱ्या कोणीं विचारलेला नाहीं. पात्रतेच्या मागें लागलेल्या मनुष्यास तो प्रश्न क्वचितच सुचतो, कारण त्याच्यापुढें अधिकारी उभा नसतो. तो स्वतःच स्वतःचा अधिकारी असतो. स्मिथला थांबून कोणास तरी चिडवितां आलें. आमच्या मनुष्यानें थांबून चिडवावें कोणास?

ब्रँट यांच्या पुस्तकाचा विषय १९ एप्रिल १९८२ ची बॉस्टनची शर्यत. अल्बर्टो सालाझार व डिक बिअर्ड्सली हे दोघे कडक उन्हांत जवळजवळ शेवटपर्यंत खांद्यास खांदा लावून धांवले, आणि सालाझार २ तास ८ मिनिटें ५२ सेकंदांत, अवघ्या दोन सेकंदांच्या फरकानें, जिंकले. न्यूटनच्या चढणींवर पुढें असलेला बिअर्ड्सली मागें वळून न पाहतां रस्त्यावर पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या सावलीवर नजर ठेवून असतो. शेवटच्या मैलांत त्याच्या पायांत गोळा येतो, आणि खड्ड्यांत पाय पडून झटका बसल्यामुळें तो गोळा सुटतो. कल्पनेनें रचली असती तर खोटी वाटली असती अशी ही सामग्री ब्रँट यांनीं संयमानें मांडली आहे. त्यांचा दोष दुसरीकडे आहे. बिअर्ड्सली पुढें १९८९ सालीं शेतावरच्या यंत्रांत सांपडून जबर जखमी झाला व वेदनाशामक औषधांच्या व्यसनांत गुरफटला; सालाझार यांचीही धांव त्या दिवसानंतर हळूहळू ओसरली. या साऱ्याचें मूळ त्या एका उन्हांत शोधण्याचा मोह ब्रँट यांस पुरता आवरलेला नाहीं. सालाझार यांच्यावर प्रशिक्षक या नात्यानें २०१९ सालीं उत्तेजक द्रव्यांच्या नियमभंगाबद्दल चार वर्षांची बंदी आली. २००६ सालच्या पुस्तकास ती ठाऊक असणें शक्य नव्हतें. परंतु आजच्या वाचकास ती विसरतां येत नाहीं, आणि एका दिवसाच्या पराक्रमावर माणसाचें सबंध चरित्र तोलून धरण्याची ही पद्धत किती तकलादू आहे हें तींतून दिसतें. शर्यतीचें वर्णन मात्र पुनःपुन्हां वाचावें असें आहे.

मुराकामी यांचें प्रकरण निराळें. ते खेळाडू नव्हेत. जॅझ संगीताचें उपाहारगृह बंद करून, तिशी ओलांडल्यावर, १९८२ सालीं त्यांनीं धांवण्यास आरंभ केला. दिवसभर बैठक मारून कादंबरी लिहिणाऱ्या मनुष्यानें शरीर टिकवावें, एवढाच हेतु. पुढच्या वर्षीं ग्रीसमध्यें ऐन उन्हाळ्यांत ते एकटे अथेन्सहून मॅरेथॉन गांवापर्यंत, म्हणजे दंतकथेच्या उलट दिशेनें, धांवत गेले. वाटेंत मोटारींखालीं चिरडलेलीं कुत्रींमांजरें ते मोजतात. सारा रस्ता ज्या थंड बिअरचें ध्यान करीत आले ती हातीं आल्यावर कल्पनेंतल्या बिअरइतकी गोड लागत नाहीं. असल्या बारीक, अप्रतिष्ठित गोष्टी सांगण्यांत त्यांचा हातखंडा आहे. केंब्रिजला चार्ल्स नदीच्या कांठीं हार्वर्डच्या तरुण विद्यार्थिनी त्यांस सहज मागें टाकून जातात, आणि या गृहस्थांस त्याचें वैषम्य न वाटतां एक प्रकारचें समाधानच वाटतें. प्रौढ वयाच्या लेखकानें स्वतःकडे इतक्या निर्मळ दृष्टीनें पाहावें, हें दुर्मिळ होय.

पुस्तकाचें शिखर म्हणजे १९९६ सालीं होक्काइदो बेटावरील सारोमा सरोवराच्या कांठीं ते शंभर किलोमीटर धांवले, तें प्रकरण. त्यास ११ तास ४२ मिनिटें लागलीं. पंचावन्न ते पंचाहत्तर किलोमीटरपर्यंतचे हाल, आपण मनुष्य नसून यंत्र आहों असें स्वतःस बजावीत काढलेलीं पाउलें, आणि पुढें कांहींतरी पार झाल्यागत आलेली शांति, हें सारें अलंकाराशिवाय आलें आहे. त्याहून मोलाचें, त्यानंतर त्यांस धांवण्याचा वीट आला हेंही ते लपवीत नाहींत. २००५ च्या न्यूयॉर्कच्या शर्यतीसाठीं महिनोन्‌महिने केलेली तयारी, आणि अखेर मनासारखी न आलेली वेळ. येथेंही अपयशास विजयाचा मुलामा देण्याचा यत्न नाहीं.

तरीही आमची एक तक्रार उरते. आपण इतरांशीं स्पर्धा करीत नसून कालच्या स्वतःशीं करितों, असा मुराकामी यांचा सूर आहे, व थडग्यावर काय कोरावें तर ‘हा कधीं चालला नाहीं’ अशा आशयाचें कांहीं, असें ते सुचवितात. हें तत्त्वज्ञान शोभिवंत आहे, परंतु तें दारापाशीं उभें राहण्याचा प्रसंग न आलेल्या मनुष्याचें आहे. ज्यास चार मिनिटें चौतीस सेकंदांनीं बाहेर राहावें लागलें त्यास ‘तूं कालच्या तुला जिंकलेंस’ हें सांत्वन कितपत पुरेल? कालच्या स्वतःस हरवूनही त्याचें नांव यादींत नाहीं. शिवाय चढणीवर चालणें हें पुष्कळदां शहाणपणाचें असतें. न चालण्याचा अभिमान कित्येकांस पुढच्या उतारावर नडतो. मुराकामी यांस हें ठाऊक नसेल असें नव्हे, पण त्यांच्या वाक्याची ऐट तें बोलूं देत नाहीं.

आमच्या इकडेही हा मनुष्य आतां नवा राहिलेला नाहीं. बेळगांवकडील फडेप्पा चौगुले १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन धांवून एकोणिसावे आले. त्यांचें नांव आज बहुधा निकालाच्या रकान्यांतच भेटतें. २००४ पासून मुंबईंत जानेवारींत जी शर्यत भरते, तींत परतीच्या वाटेवर, तीस किलोमीटर मागें पडल्यावर, पेडर रोडची चढण येते. तेथें दमट हवेंत घड्याळाकडे पाहत बॉस्टनचा हिशेब करणारे मराठी गृहस्थ व गृहिणी दर वर्षीं असतात. त्यांतील कित्येक आपले अनुभव लिहितात. पहांटेचा गजर, बुटांची जोडी, दर किलोमीटरची वेळ, अखेर पदक, असा तो जमाखर्च असतो. जमाखर्चास आमचा विरोध नाहीं. खरा आंकडा खोट्या उद्गारापेक्षां केव्हांही बरा. पण पेडर रोडवर किती सेकंद सोडले, ते सोडतांना मन काय म्हणालें, पुढें मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर त्यांतले किती परत आले, हा रकाना त्या वहींत बहुधा कोराच असतो. सिलिटो यांचा प्रश्न, ब्रँट यांची नजर व मुराकामी यांचा प्रामाणिकपणा यांपैकीं पहिला कोणी कोणास शिकवूं शकत नाहीं. बाकीचीं दोन वाचून थोडींबहुत येतात.

गेब्रिएल यांचें भाषांतर सरळ व वाचनीय आहे. मुराकामी यांचें पुस्तक घरांतील शाळकरी मुलांच्याही हातीं निःशंक द्यावें. सिलिटो यांची कथा त्यांतील रांगड्या बोलीमुळें व अधिक्षेपाच्या सुरामुळें वडील माणसांनीं आधीं वाचून मग द्यावी. आणि ब्रँट यांचें पुस्तक, क्रीडेची आवड नसलेल्यांनींही, निदान न्यूटनच्या चढणींपर्यंत तरी वाचावें.