स्वेडनबोर्गचे शेजारी

खाणखात्यात आयुष्य घालविलेल्या स्वीडिश इमॅन्युएल स्वेडनबोर्गने परग्रहवासीयांवर लॅटिन पुस्तक लिहिले. ते १७५८ साली लंडनला निघाले. बुध, गुरू, शनी येथील आत्म्यांशी आपण बोललो, असे तो बेधडक सांगतो. युरेनस मात्र यादीत नाही. तो दुर्बिणीला सापडला १७८१ साली! दिव्यदृष्टीही त्या काळच्या पंचांगापलीकडे पोचली नाही.

मग पुस्तक टाकून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. गुरूवरची माणसे त्याला आपल्याहून सुशील, परधनाचा लोभ नसलेली दिसतात. तरी प्रभू पृथ्वीवरच का जन्मला? तर येथे देववाणी लिहून जपता येत होती म्हणून! आत्म्यांच्या गप्पा मी मानीत नाही. पण माणसाला सृष्टीचा मुकुटमणी न मानणारी ही श्रद्धा मला मोलाची वाटते.