जॉन डनची विपरीत प्रार्थना

देवापाशीं शांति मागणारी प्रार्थना सर्वांच्या परिचयाची आहे; त्यानें आपल्यावर बळजोरी करावी, अशी करुणा भाकणारी प्रार्थना मात्र विरळा. जॉन डन (१५७२–१६३१) या इंग्रज कवीचें, त्रयैक देवाला आवाहन करणारें सुप्रसिद्ध सुनीत या दुसऱ्या प्रकारचें होय. तें त्याच्या मृत्यूनंतर, १६३३ सालीं, छापलें गेलें.

त्याच्या चौदा ओळींत भक्त तीन रूपें घेतो. प्रथम तो डागडुजीनें न सुधारणारें, मोडून नव्यानेंच घडविण्याजोगें भांडें आहे. मग शत्रूनें बळकावलेलें नगर. आणि शेवटीं वैऱ्याशीं वाङ्निश्चय झालेली स्त्री. देवानें कैद केल्यावांचून आपल्याला मुक्ति नाहीं व त्यानें बलात्कार केल्यावांचून शुद्धि नाहीं, या भावनेंत कविता संपते. सोज्ज्वळ मनाच्या वाचकाला हें ऐकवत नाहीं, यांत नवल नाहीं. डॉ. जॉन्सननेंही १७७९ सालीं, कौलीच्या चरित्रांत, या पंथाच्या कवींनीं विजातीय कल्पनांची ओढूनताणून सांगड घातली, असा ठपका ठेवला होता.

परंतु आमच्या मतें येथील विरोध हा अलंकार नसून वस्तुस्थिति आहे. ज्या इच्छेनें वेशीचें दार उघडावयाचें, तीच शत्रूला वश. देवाची कारभारीण जी बुद्धि, ती बंदिवान. पतित मानवाला स्वबळानें उद्धार नाहीं, हा ख्रिस्ती सिद्धान्त मनापासून मानला, म्हणजे बळाखेरीज दुसरें मागावयाचें तें काय? आपल्या तुकोबांच्या विराण्यांतील स्त्रीही लोकलाज सोडून देवाशीं रत होते. पण ती आपल्या पायांनीं घराबाहेर पडते. डनच्या स्त्रीचे पायच बांधलेले आहेत.

दुभंगलेली निष्ठा ही डनला पुस्तकी गोष्ट नव्हती. तो रोमन कॅथॉलिक घराण्यांत जन्मला. धर्मगुरूला आश्रय दिल्यावरून पकडलेला त्याचा भाऊ १५९३ सालीं तुरुंगांत मेला. आणि स्वतः डन १६१५ सालीं इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचा धर्मोपदेशक झाला.

तेव्हां ही प्रतिमा सौम्य करून वाचणें म्हणजे कवितेचा प्राणच काढून घेणें होय. एक प्रश्न मात्र उरतो. सर्व वेशी शत्रूच्या ताब्यांत, तर हा धांवा बाहेर पडला कोठून? कवि उत्तर देत नाहीं. आम्हांस वाटतें, ज्या कृपेची तो वाट पाहत आहे, ती पहिल्या शब्दापूर्वींच आंत येऊन बसली आहे.