एक 'आलेख', दोन अर्थ

'ग्राफ थिअरी' या गणितशाखेला मराठीत 'आलेख सिद्धान्त' म्हटले जाते. इंग्रजीत एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत, म्हणून मराठीनेही तोच शब्द दोन्हीकडे लावला. शाळेत कोडी-उपक्रमांतून हा विषय शिकवताना मात्र हे भाषांतर अडचणीचे ठरते.

विद्यार्थ्याला ठाऊक असलेल्या आलेखाला अक्ष असतात, प्रमाण असते. बिंदू जरा सरकला की उत्तर चुकते. या दुसऱ्या आकृतीत बिंदू कुठे काढला, रेघ सरळ की वाकडी, याला महत्त्व नाही. कोण कोणाशी जोडलेले आहे, एवढेच पाहायचे. सिल्व्हेस्टरने १८७८ मध्ये या अर्थाने 'ग्राफ' शब्द वापरला तो रसायनशास्त्रातील रचनाचित्रांवरून. तेव्हा 'जालाकृती' हा शब्द अधिक नेमका.

इतर संज्ञा जालन्याच्या उदाहरणावर तपासून पाहू. तेथील मस्तगड १७२५ चा. कोनिग्सबर्गच्या सात पुलांवरील ऑयलरचा निबंध १७३६ चा. कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर जालना वसले आहे. मस्तगडापासून निघून कुंडलिकेवरील प्रत्येक पूल एकदाच ओलांडता येईल का? काठ म्हणजे बिंदू, पूल म्हणजे रेघ.

बिंदूला 'शिरोबिंदू' व रेघेला 'कड' म्हणण्यास आधार आहे. घनाचे ८ शिरोबिंदू आणि १२ कडा मिळून जालाकृतीच होते. पण पुलाला 'कड' म्हटले की मुलांना कठडा आठवतो. सुरुवातीला 'जोड' म्हणावे. एका बिंदूशी मिळणाऱ्या रेघांच्या संख्येला 'कोटी' म्हणणे तर टाळावेच. कोटी बहुपदीची असते, शिवाय शंभर लाखांचीही! 'जोडसंख्या' या शब्दात व्याख्या आपोआप येते.

आता उत्तर पाहा. दोन्ही काठांची जोडसंख्या पुलांच्या संख्येइतकीच. म्हणून पूल कितीही असोत, फेरी जमतेच. संख्या सम असेल तर आपण निघालेल्या काठावर परततो, विषम असेल तर पलीकडे पोहोचतो. कोनिग्सबर्गमध्ये चार भूभागांच्या जोडसंख्या ५, ३, ३, ३ होत्या. विषम जोडसंख्येचे बिंदू दोनाहून अधिक असल्याने तिथे फेरी अशक्य ठरली.

संज्ञा बदलल्याने सिद्धता सोपी होत नाही, हे खरे. पण विद्यार्थ्याची पहिली तासिका शब्दांचा गोंधळ निस्तरण्यात जाऊ नये. शिक्षकांनी फळ्यावर आधी जोड व जोडसंख्या लिहावी; कोशातील संज्ञा उत्तर सापडल्यावर सांगाव्यात.