विकि-टिपणवही : एक परीक्षण

संशोधकाचें पुष्कळसें धन त्याच्या टिपणांत असतें, आणि त्याच्या पश्चात् रद्दींत प्रथम जातात तीं टिपणेंच. यास्तव संगणकावर खासगी विकि बांधूं इच्छिणाऱ्या नवशिक्यानें मांडणी सुबक कोणती हें न पाहतां, आपल्यामागें दुसऱ्यास तीं टिपणें वाचतां येतील काय हें पाहावें.

वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ त पहिला विकि चालू केला. पानास पान जोडणें हें त्याचें मर्म. उदाहरणार्थ, १७३९ च्या वसई मोहिमेंतील धारावी ती आमच्या भाईंदरच्या बाजूची. माहीमजवळची मुंबईंतील धारावी ती नव्हे. वहींत एका नांवाखालीं दोन्हींच्या नोंदी मिसळतात. विकींत दोन पानें करून प्रत्येक पत्र आपापल्या पानास जोडतां येतें.

आतां साधनें पाहूं. मराठी विकिपीडिया (आरंभ २००३) ज्यावर चालतो तें मीडियाविकि संस्थेस शोभण्यासारखें आहे. सर्व्हर व डेटाबेस यांचा भार एकट्या संग्राहकानें घेऊं नये. टिडलीविकि (२००४) हें सर्व मिळून एकच फाईल, नेण्याआणण्यास सोपें. परंतु साध्या ब्राउझरांत जतन करतांना बहुधा दर खेपेस नवी प्रत उतरते, आणि थोड्याच दिवसांत मूळ प्रत कोणती हा पाठनिर्णयाचाच प्रश्न उभा राहतो! डोकुविकि (२००४) साध्या मजकुराच्या फाइली ठेवितें व जुने पाठही राखतें, हा मोठा गुण. मात्र त्यासही सर्व्हर लागतो. शिवाय मूळ योजनेंत देवनागरी शीर्षकांतील प्रत्येक चिन्ह फाईलच्या नांवांत नऊ रोमन चिन्हांचें होतें, म्हणून पंचवीसएक चिन्हांपलीकडे शीर्षक मावत नाहीं. ही योजना बदलतां येते, पण ती आरंभींच बदलावी.

आमच्या मतें नवशिक्यास झिम बरें. सर्व्हर नको, डेटाबेस नको. प्रत्येक पान ही साधी फाईल, आणि एखाद्या पानाकडे कोणकोणतीं पानें येतात हेंही दिसतें. जुने पाठ तें आपण होऊन राखीत नाहीं, ही उणीव खरी. ती दर आठवड्यास दुसऱ्या डिस्कवर तारखेनिशीं प्रत काढून भरावी.

दोन पथ्यें मात्र कोणत्याही साधनास लागू आहेत. मजकूर युनिकोडांतच लिहावा. जुन्या फाँटांतील मजकूर तो फाँट नसतां अर्थहीन चिन्हांचा ढीग होतो. आणि पत्राच्या पानास विषयाचें नांव न देतां रुमाल व पत्र यांचा क्रमांक द्यावा. कारण विषयाविषयींचें आपलें मत पालटतें, क्रमांक सहसा पालटत नाहीं.