चार पर्यायांतले भौतिकशास्त्र

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ५ मे २०२४ रोजी भौतिकशास्त्राच्या भागात दोन विधाने देण्यात आली होती. पहिले असे की, अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतात, कारण त्यांत धन आणि ऋण प्रभार सारखेच असतात. दुसरे असे की, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात व आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. कोणते बरोबर आणि कोणते चूक, एवढेच ओळखायचे होते.

एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात ‘प्रत्येक मूलद्रव्याचे’ असे शब्द होते. नव्या आवृत्तीत ते बदलून ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ असे झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण देऊन टाकले. पैकीच्या पैकी, म्हणजे ७२० गुण मिळवणाऱ्या ६७ जणांपैकी ४४ जणांना ते या एका प्रश्नामुळे मिळाले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दिल्लीच्या आयआयटीतील तीन तज्ज्ञांनी दुसरे विधान चूक ठरवले आणि २३ जुलैला न्यायालयाने तेच ग्राह्य धरले. चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी पाच गुण गेले: मिळालेले चार आणि चुकीबद्दल कापलेला एक.

चर्चा झाली ती कोणती आवृत्ती प्रमाण मानायची याची. आम्हाला खटकते ते वेगळेच. या प्रश्नातले भौतिकशास्त्र कोणी पाहिले का?

युरेनियम किंवा रेडियम यांचा एकही समस्थानिक स्थिर नाही, तेव्हा तज्ज्ञांचा निर्णय योग्यच म्हणावा लागतो. पण ‘स्थिर’ हा शब्द अणूच्या प्रकरणात मुलांना भेटतो तो निराळ्या अर्थाने. रदरफर्डच्या अणूत केंद्रकाभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनाला त्वरण असते. अभिजात भौतिकीप्रमाणे त्याने प्रारण सोडत सोडत केंद्रकात कोसळायला हवे. तो कोसळत का नाही, या कोड्यातून बोरची १९१३ सालची कल्पना निघाली. या अर्थाने युरेनियमचा अणूही स्थिरच आहे. किरणोत्सार हा केंद्रकाचा गुण आहे, भोवतालच्या इलेक्ट्रॉनांचा नव्हे. विधानाचा दुसरा अर्धा भागही ढिलाच आहे. सर्वांत खालच्या ऊर्जापातळीवर असलेला अणू प्रकाश सोडत नाही. त्याला आधी ऊर्जा पुरवून उत्तेजित करावे लागते. म्हणजे ज्या मुलीला बोरचा अणू खरोखर कळला आहे ती या वाक्यात दोनदा अडखळणार, आणि जिने नवी आवृत्ती पाठ केली आहे ती दहा सेकंदांत पुढे जाणार. २०२५ पासून या परीक्षेत १८० प्रश्नांना १८० मिनिटे आहेत. अडखळायला वेळ कुठला?

अशा वेळी सारा दोष बहुपर्यायी पद्धतीच्या माथी मारण्याची आपल्याकडे रीत आहे. ते आम्हाला पटत नाही. पर्याय पाहून उलट्या दिशेने उत्तर काढणे ही क्लासची लबाडी आहे, असे अनेक शिक्षक म्हणतात. एक उदाहरण घेऊ. कप्पीवरून गेलेल्या हलक्या दोरीच्या दोन टोकांना म आणि न वस्तुमाने टांगली आहेत, घर्षण नाही, गुरुत्वीय त्वरण ग. दोरीतला ताण किती? पर्याय असे:

(अ) (म + न) × ग
(आ) (म − न) × ग
(इ) २ × म × न × ग ÷ (म + न)
(ई) म × न × ग ÷ (म + न)

विद्यार्थ्याने समीकरण न मांडता दोन्ही वस्तुमाने सारखी धरली. मग काहीच हलत नाही आणि ताण म × ग इतकाच हवा. चारही पर्यायांत न च्या जागी म घातला की फक्त (इ) उरतो. पडताळा हवा असेल तर न शून्य करावा: म मोकळेपणी पडते, ताण शून्य हवा, (अ) आणि (आ) तिथेही आपटतात. याला लबाडी का म्हणावे? टोकाच्या स्थितीत सूत्र तपासून पाहणे हे आम्ही प्रयोगशाळेत रोज करतो. सूत्र घोकून (इ) वर खूण करणाऱ्यापेक्षा या मुलाने अधिक भौतिकशास्त्र केले, मात्र गुण दोघांना सारखे.

पर्यायांकडेही पाहावे. (अ) निवडणारा ताण म्हणजे दोन वजनांची बेरीज समजतो. (आ) निवडणारा संस्थेवरचे निव्वळ बल आणि ताण यांत गल्लत करतो. हे चुकीचे पर्याय बोलके आहेत. (ई) मात्र केवळ दोनाचा आकडा विसरणाऱ्यासाठी लावलेला सापळा आहे, त्यातून शिक्षकाला काही कळत नाही.

चुकीचे पर्याय कुठून आणावेत, याचा उत्तम नमुना अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. बलाच्या कल्पनेवरची ही चाचणी आजच्या रूपात ३० प्रश्नांची आहे, आकडेमोड जवळजवळ नाही. जड ट्रक लहान मोटारीवर आदळला तर कोण कोणावर जास्त बल लावतो, असे साधे प्रश्न. चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्याच समजुतींतून घेतलेले, त्यामुळे ते ओढून घेतात. हार्वर्डमध्ये एरिक मॅझूर यांनी अशीच एक चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, तुम्ही शिकवले तसे उत्तर लिहू, की मी स्वतः विचार करते तसे?

प्रवेश परीक्षांचे प्रश्न काढणाऱ्यांनी हे केव्हा करावे ते करोत. वर्गात ते उद्याही करता येते. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला असताना त्याचे त्वरण किती, हा प्रश्न पर्याय न देता विचारावा आणि आलेली उत्तरेच पर्याय म्हणून फळ्यावर लिहावीत. ‘शून्य’ हे त्यांत बहुधा असेलच. ते देणाऱ्यांना एवढेच विचारावे: त्या क्षणी वेगही शून्य आणि त्वरणही शून्य, तर मग चेंडू खाली कशाने येतो?