भाऊबंदकीची रणांगणं

सातारच्या उत्तरेला, कृष्णेकाठी लिंब गाव आहे. तिथली बारा मोटेची विहीर तुम्ही रीलमध्ये नक्की पाहिली असणार. अष्टकोनी विहीर, आत उतरणाऱ्या पायऱ्या, वर महालासारखी खोली. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ च्या दरम्यान वीरूबाईंनी ती बांधली. आम्ही उंब्रजची पाच पोरं गेल्या हिवाळ्यात तिथं गेलो. फोटो झाले, ड्रोन उडवून झाला. मग मी तिथं बसलेल्या एका आजोबांना विचारलं, "बाबा, इथं लढाई झाली होती, ती नेमकी कुठं?"

"लढाई? हितं?" आजोबा हसले. "पाण्याच्या पाळीवरनं झालेली ठाऊक हाय बाबा. दुसरी कंची?"

दुसरी म्हणजे मार्च १७५१ ची. जुन्या इतिहासांत या गावाचं नाव 'निंब' असं येतं. गुजरातेतून दमाजी गायकवाड फौज घेऊन ताराबाईंच्या मदतीला आला आणि त्यानं इथं पेशव्यांच्या फौजेला हरवलं. दोन्हीकडे मराठे. साताऱ्याच्या दरबारात राहिलेल्या ग्रँट डफनं १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात ही लढाई नोंदवली आहे. म्हणजे माहिती गुप्त नाही. तरी आम्ही पाच जण, ज्यांना पावनखिंडीतली चढण पाठ आहे आणि पानिपतावर कोणती तुकडी कुठं उभी होती ते कागदावर काढून दाखवता येतं, त्यांतल्या चौघांनी निंबचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

हा लेख आमच्या या छंदाबद्दल आहे. रणांगणं बघत फिरण्याच्या. त्यातलं काय चांगलं आहे आणि आम्ही काय टाळतो, याबद्दल.

चांगलं आधी. लढाईचा नकाशा वाचणं ही एक गोष्ट आणि त्या जमिनीवर चालणं ही दुसरी. नकाशावरचा बाण सपाट असतो. प्रतापगडाखालच्या जावळीच्या जंगलात शिरलं की अफजलखानाची फौज तिथं का अडकली, हे पायांना कळतं. धाप लागते, पुढचं वळण दिसत नाही. माझ्या कामात एखादी सिस्टीम पडली की आम्ही नंतर बसून मिनिटा-मिनिटाचा हिशोब लावतो. कुणाला काय माहीत होतं, कुणी कधी काय ठरवलं. रणांगणावरची मजा मला तशीच वाटते. संख्या, चढ, पाणी, वेळ यांचं कोडं सुटताना दिसतं.

हे कोडं जगात सगळ्यांत तपशिलात मांडून ठेवलेली जागा म्हणजे बहुधा गेटिसबर्ग. कंपनीच्या कामानं चार महिने फिलाडेल्फियाला होतो तेव्हा एका शनिवारी गेलो. १ ते ३ जुलै १८६३, अमेरिकी यादवी युद्धातली लढाई. तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१ हजार लोक मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. मैदानावर तेराशेहून जास्त स्मारकं आणि खुणा आहेत. कुठली रेजिमेंट कुठं उभी होती, हे दगडावर कोरलेलं. तिसऱ्या दिवशी दक्षिणेच्या सुमारे साडेबारा हजार सैनिकांनी जवळजवळ मैलभर उघड्या रानातून चालत हल्ला केला, तेही चालून बघता येतं. मी चाललो. आडोसा कुठंच नाही. अर्ध्या वाटेत आपण घाबरलोय हे लक्षात आलं आणि स्वतःचं हसू आलं.

माझ्यासारख्या माणसाला हे तीर्थक्षेत्रच. पण संध्याकाळी गाडीकडे परतताना एक गोष्ट खटकली. दिवसभर मी फक्त 'कसं' विचारत होतो. डावी बाजू का मोडली, तोफा का चुकल्या. हे सगळे लढत कशासाठी होते, हे एकदाही नाही.

गेटिसबर्गलाही हा प्रश्न दीर्घकाळ नकोसा होता. १९१३ मध्ये लढाईच्या पन्नासाव्या वर्षी दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांहून जास्त म्हातारे सैनिक तिथं जमले आणि ज्या दगडी कुंपणापाशी एकमेकांना मारलं, त्याच कुंपणावरून त्यांनी हात मिळवले. फोटो सुंदर आहेत. पण त्या हस्तांदोलनाखाली गुलामगिरी झाकली गेली. याच मोहिमेत दक्षिणेच्या सेनापती लीच्या फौजेनं पेनसिल्व्हेनियातली स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसं पकडून दक्षिणेत नेली होती. १९१७ मध्ये त्याच मैदानावर लीचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला. ज्या लीला १८६१ मध्ये उत्तरेच्या फौजेची सूत्रं देऊ केली होती आणि ज्यानं ती नाकारून आपल्या व्हर्जिनिया राज्याची बाजू धरली, तो. युद्ध कशावरून झालं हे तिथल्या प्रदर्शनात ठळकपणे मांडलं गेलं, ते बरंच अलीकडे. म्हणजे तेराशे दगड असूनही मुख्य गोष्ट लपवता येते. आपल्याकडे दगडच नाहीत. आपण कशाखाली काय लपवतो?

आपल्या यादवीची पहिली मोठी लढाई १७०७ च्या ऑक्टोबरमध्ये भीमेकाठी, खेडजवळ झाली. आजचं राजगुरुनगर. त्या वर्षी औरंगजेब वारला आणि मोगलांच्या कैदेतून सुटून संभाजीराजांचा मुलगा शाहू परत आला. इकडे राजारामांच्या मागे सात वर्षं औरंगजेबाशी झुंज चालवणाऱ्या ताराबाईंनी आपल्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवलं होतं. आलेला माणूस तोतया आहे, असं त्यांचं म्हणणं. सरदारांकडून त्यांनी दूधभातावर हात ठेवून शपथ घेतली, असं सांगतात. सेनापती धनाजी जाधव फौज घेऊन निघाले. आणि खेडला धनाजी शाहूला जाऊन मिळाले. लढाई तिथंच संपली. पुढच्या जानेवारीत साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला.

आता आमच्यासारख्यांनी खेडला जाऊन बघायचं काय? टेकडी नाही, खिंड नाही, बगल देणं नाही. निकाल लागला तो एका सेनापतीच्या मनात, बहुतेक रात्रीच्या बोलण्यांत. बाळाजी विश्वनाथांनी धनाजींचं मन वळवलं, असं इतिहासकार सांगतात. त्याचा ड्रोन शॉट निघत नाही. आपण यादवीच्या रणांगणांवर जात नाही, याचं एक कारण मला हे वाटतं. तिथं जमीन निर्णय देत नाही, माणूस देतो. आणि माणसाचा निर्णय बघायला गेलं की प्रश्न आपल्यावर उलटतो. शपथ घेतलेली असताना मी काय केलं असतं?

दुसरं कारण उंब्रजच्या अगदी जवळ आहे. आमच्या गावातून हायवेनं कराडकडे निघालं की तासवडे टोलनाक्याच्या अलीकडे-पलीकडे वसंतगड दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी तळबीड. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांचं गाव. ताराबाई त्यांची मुलगी. २०२२ मध्ये हंबीररावांवर सिनेमा आला, तेव्हा आमच्याकडून तळबीडला गाड्यांची रीघ लागली होती. मीही होतो. तिथं उभं राहून बनवलेले डझनभर व्हिडिओ मी पाहिलेत. सगळ्यांचा साचा एकच. तलवार, ढोल, मोगलांशी झालेली लढाई, १६८७ मध्ये वाईजवळ आलेलं मरण, जयघोष.

खोटं त्यात काही नाही. पण हंबीररावांचा मला सगळ्यांत थोर वाटणारा निर्णय शत्रूविरुद्धचा नव्हताच. १६८० मध्ये शिवाजी महाराज गेले. काही प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामाला गादीवर बसवलं. राजाराम म्हणजे सोयराबाईंचा मुलगा, आणि सोयराबाई हंबीररावांची सख्खी बहीण. भाचा राजा होत होता. मामा सेनापती. हंबीररावांनी भाच्याला सोडून संभाजीराजांची बाजू घेतली आणि कटातल्या प्रधानांनाच पकडलं. यादवी पेटायच्या आत विझली. सत्तावीस वर्षांनी त्यांच्याच मुलीनं नेमकं उलट केलं. संभाजीराजांच्या मुलाविरुद्ध आपल्या मुलाची बाजू धरली.

बाप बरोबर आणि मुलगी चूक, असा झटपट निकाल मला द्यायचा नाही. ताराबाईंची बाजू पोकळ नव्हती. शाहू कैदेत वाढत असताना राज्य त्यांनी टिकवलं होतं. जे मी राखलं ते मोगलांनी सोडलेल्या माणसाच्या हाती का द्यायचं, हा प्रश्न आजही सोपा नाही. पण एकाच घरातले हे दोन निर्णय शेजारी ठेवले, की तळबीड ही नुसती जयघोषाची जागा राहत नाही. लीच्या पुतळ्याखाली उभं राहून जो प्रश्न पडायला हवा, तो इथं पडतो. आपलं माणूस आणि बरोबर वाटणारी बाजू वेगवेगळी असतील तर?

व्हिडिओवाल्यांना हे माहीत नसतं असं नाही. अशाच एका चॅनेलवाल्या मित्राला मी विचारलं. तो म्हणाला, "अरे, ताराराणी विरुद्ध शाहू टाकलं की कमेंटमध्ये सातारा-कोल्हापूर सुरू होतं. दोघांचेही चाहते आहेत. कुणाला दुखवू?" अडचण खरी आहे. ती सोडवायला आपल्याकडे एक तयार शब्दही आहे, भाऊबंदकी. भाऊबंदकी म्हटलं की सगळं घरातलं होतं. बांधावरचं भांडण, मिटलं की मिटलं. हे आपलं १९१३ चं हस्तांदोलन.

त्याखाली काय झाकलं जातं, ते पारदच्या गोष्टीत दिसतं. १७०७ मध्ये शाहू परत येत असताना वाटेत या गावाशी चकमक झाली. पाटील मारला गेला. त्याच्या बायकोनं आपलं लहान मूल शाहूंच्या पायावर घातलं. शाहूंनी ते वाढवलं, नाव ठेवलं फत्तेसिंह. तेच पुढे अक्कलकोटच्या घराण्याचे मूळपुरुष. ही गोष्ट नेहमी शाहूंच्या दयाळूपणाची म्हणून सांगतात, आणि दया होतीच. पण मुलाचं नाव ज्या फत्तेवरून पडलं, त्या फत्तेत त्याचा बाप मेला होता. पारदची बाकी माणसं कोण, किती, त्यांचं पुढे काय झालं, हे गोष्टीत येत नाही. दोन्ही गाद्या देशमुख-पाटलांना आपल्याकडे ओढायला वतनं वाटत होत्या. दोन्हीकडून मागणी आली तर गावानं कुणाला काय द्यायचं? भाऊबंदकी भावांची. भरपाई रयतेची.

ही यादवी लढाईनं मिटलीही नाही. १७३१ च्या तहाआधी शाहू आणि कोल्हापूरचे दुसरे संभाजी, हे दोघे चुलतभाऊ कराडजवळ जखिणवाडीला भेटले. एप्रिलमध्ये तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे. आजही त्या नदीच्या एका काठाला सांगली जिल्हा आणि दुसऱ्या काठाला कोल्हापूर जिल्हा लागतो. एसटीतून पूल ओलांडताना आपण एका तहाची रेघ ओलांडतो. पण वीस वर्षांनी निंब झालंच. त्यानंतर वेण्णेकाठी पेशव्यांनी दमाजीला गाठून कैद केलं. दगा झाला असं त्याला वाटलं आणि पुढे तो पेशव्यांना डाव्या हातानं मुजरा करायचा, अशी गोष्ट सांगतात. ग्रँट डफच्या हजार बारकाव्यांपेक्षा मला हा डावा हात यादवीबद्दल जास्त सांगतो. पराभूत शत्रू निघून जातो. पराभूत भाऊ दरबारात समोर उभा राहतो.

मग करायचं काय? लिंबला दगड बसवा, संग्रहालय बांधा, असं मी म्हणत नाही. तेराशे दगडांचं काय होतं ते पाहिलं. आम्ही आमच्या ग्रुपमध्ये एक छोटा नियम केलाय. यादवीच्या जागी गेलो की आधी दोन्ही बाजूंची कैफियत मांडायची. ज्याला जी बाजू पटत नाही, त्यानं ती मांडायची. मग तिसऱ्यानं गावाची. लिंबच्या विहिरीच्या पायऱ्यांवर त्या दिवशी हा पहिला प्रयोग झाला. माझ्या वाट्याला ताराबाई आल्या. १७५० मध्ये त्यांनी रामराजाला, आपण ज्याला नातू म्हणून पुढे आणलं त्यालाच, साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या होत्या. पुढे जेजुरीला त्यांनी शपथेवर सांगितलं की तो आपला नातू नव्हेच. त्यांची बाजू घेताना मला घाम फुटला. पेशव्यांच्या बाजूनं बोलणारा मित्र, ज्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर ताराराणींचं चित्र आहे, तोही अडखळला. गावाची बाजू मांडणाऱ्याला तर बोलायला काही सापडेना. पिकं कुणाची तुडवली, बैल कुणी नेले, आम्हाला कुणालाच सांगता येईना.

शेवटी तो आजोबांकडे वळला. "बाबा, फौजा आल्या असतील तर पाणी ह्याच विहिरीचं प्यायल्या असतील का हो?"

"प्याल्याच की," आजोबा म्हणाले. "पाणी काय इचारतंय व्हय, कुणाकडचा हायस म्हणून?" मग जरा थांबून म्हणाले, "पर मोट गावानंच वढली असंल."