हर्षाचें प्रयाण आणि रयतेचें पीक

बाणभट्टाच्या हर्षचरिताचा इतिहाससाधन म्हणून उपयोग करण्याची वहिवाट आतां शंभर वर्षांहून जुनी झाली. काव्हेल व टॉमस यांचें इंग्रजी भाषांतर १८९७ सालीं निघालें, पां. वा. काणे यांची टीपांसह आवृत्ति १९१८ सालीं, आणि वासुदेवशरण अग्रवाल यांचा हिंदी ग्रंथ १९५३ सालीं. या तिन्हींवांचून आमच्यासारख्या शाळामास्तराचें बाणाच्या समासांच्या अरण्यांत एक पाऊलहि पडलें नसतें. तथापि सातवा उच्छ्वास वाचून बाहेर पडणारा अभ्यासक बहुधा दोनच गोष्टी बरोबर आणतो: सैन्याची सामग्री, आणि कामरूपाच्या भास्करवर्म्यानें पाठविलेलें तें अद्भुत छत्र. मधला जो भाग, म्हणजे राजाची स्वारी ज्या गांवांवरून गेली त्या गांवांचें काय झालें, तो वर्णनाचा फुलोरा समजून ओलांडला जातो. कोणीच त्याकडे पाहिलें नाहीं असें नाहीं. परंतु पाहिलें तें ‘लोकजीवनाचें चित्र’ या सदराखालीं. आमच्या मतें तें चित्र नव्हे, ती साक्ष आहे. आणि साक्ष म्हटली कीं साक्षीदाराची उलटतपासणी आली.

प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. राज्यवर्धनाचा घात झाल्यावर इ. स. ६०६ च्या सुमारास हर्ष दिग्विजयास निघतो. पहांटेपूर्वीं प्रयाणाचा नगारा वाजतो व त्या दिवशींची मजल किती कोसांची तें सांगण्याकरितां त्यावर आठ स्वतंत्र टोले पडतात. मग छावणी हालते. हत्तींच्या पायांखालीं वाटेवरच्या झोपड्या तुडविल्या जातात, आंतलीं माणसें बाहेर धांवतात आणि माहुतांस ढेंकळें मारतात. राजाच्या स्वयंपाकाचें व स्नानाचें सामान वाहणारे भारवाहक, सोन्याचीं पादपीठें, कळशा, पिकदाण्या घेऊन, आपण राजाची वस्तु वाहतों या ताठ्यानें पुढच्या प्रत्येकास ढकलून वाट मोकळी करितात. दुसरीकडे वेठीस धरलेले लोक कुरकुरतात कीं, कष्ट आमचे आणि फळ मिळण्याची वेळ आली म्हणजे भलतेच कोणी येऊन उभे राहतील. अग्रहारांतले ब्राह्मण, पुढें गांवचे महत्तर, हातांत दहीं, गूळ, साखर, फुलांच्या करंड्या घेऊन येतात. त्यांचें मागणें एवढेंच कीं, आमचें पीक राखा. वेत्रधारी त्यांच्यावर धांवून जातात. ते पळतात, ठेंचकाळतात, तरी दृष्टि राजावरून काढीत नाहींत. कांहींच्या शेतांवर राखणदार नेमले जातात, ते राजाला साक्षात् धर्म म्हणून मोकळे होतात. आणि ज्यांचें पिकलेलें धान्य लुटलें गेलें ते बायकांसह बाहेर येऊन, प्राणाची पर्वा न करतां, राजा कुठला, कसला राजा, असा आक्रोश करितात.

हें सर्व लिहिणारा राजाचा आश्रित आहे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. आश्रितानें धन्याच्या तोंडावर हा आक्रोश ग्रंथांत घातला, यांतच त्याचें प्रामाण्य आहे. बाणाला तो वगळतां आला असता. रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत दिलीप वसिष्ठाश्रमास निघतो तो आश्रमास त्रास होऊं नये म्हणून मोजकेंच माणूस बरोबर घेतो, आणि वाटेंत ताजें लोणी घेऊन आलेल्या वृद्ध गवळ्यांस रानांतल्या झाडांचीं नांवें विचारतो. फार गोड प्रसंग आहे. आम्ही तो वर्गांत तीस वर्षें शिकविला आणि प्रत्येक वेळीं आनंदानें शिकविला. पण कालिदास राजा कसा असावा तें सांगतो, आणि बाण राजा गेल्यावर शेतांत काय उरतें तें सांगतो. भेट दोहींकडे दुग्धजन्यच आहे. एका ठिकाणीं तें लोणी आदरानें येतें, दुसऱ्या ठिकाणीं तें दहीं पीक वांचावें म्हणून येतें.

आतां उलटतपासणी. पहिली गोष्ट ही कीं, ६०६ च्या प्रयाणाच्या वेळीं बाण तेथें नव्हता. तो पुढें, हर्ष सिंहासनावर स्थिर झाल्यावर, शोणेच्या कांठच्या प्रीतिकूटाहून अजिरवतीकांठच्या छावणींत गेला, असें तोच दुसऱ्या उच्छ्वासांत सांगतो. म्हणजे हें वर्णन त्या एका दिवसाचें नाहीं. नंतर पाहिलेल्या अनेक छावण्यांवरून त्यानें तें रचलें. कांहींस वाटेल, यानें साक्ष दुबळी झाली. आम्हांस उलट वाटतें. एका दिवसाचा अनाचार असता तर अपवाद म्हणून सोडून देतां आला असता. जें पुनःपुन्हां पाहिलें तेंच सामान्य वर्णनांत उतरतें.

दुसरी गोष्ट बाणाच्या विरुद्ध जाते. हे अग्रहारवासी पूर्वींच्या अधिकाऱ्यांचे नसलेलेहि दोष पुढें करीत होते, असें तो म्हणतो, आणि त्यांस मूर्ख म्हणतो. नसलेले कशावरून? तक्रार ऐकण्याआधींच वेत्रधाऱ्यांनीं तक्रारदारांस पिटाळलें, हें सांगणाराहि बाणच आहे. चौकशी झाली नाहीं, आणि निकाल मात्र कवीनें दिला. स्वतः अग्रहारांत वाढलेल्या माणसाची ही तुच्छता पाहून आम्हांस थोडें वाईट वाटलें; पण हत्तीवरून पाहिल्यावर गांवचा माणूस लहान दिसतो, तो बाणालाहि तसाच दिसला.

राजमार्गावरच्या मानाचा शास्त्रार्थ काय, तेंहि येथें पाहिलें पाहिजे. आपस्तंबधर्मसूत्राप्रमाणें वाट राजाची, ब्राह्मण समोर आल्यास ब्राह्मणाची. आणि वाहन, भार वाहणारा, रोगी व स्त्री यांस सर्वांनींच वाट द्यावी. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत यादी थोडी वाढली आहे. स्नातक व राजा एकत्र आल्यास मान स्नातकाचा. वनपर्वांत अष्टावक्रानें जनकाच्या यज्ञाच्या वाटेवर हाच वाद घातला आणि जनकानें वाट सोडली. टीकाकार ब्राह्मण व राजा यांच्या तारतम्यांत इतके रमतात कीं, त्या यादींतला भारी, म्हणजे डोक्यावर ओझें असलेला माणूस, कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं. शास्त्र त्याला वाट देतें. परंतु त्याच मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत कारागीर, शिल्पी आणि अंगमेहनतीवर जगणारे शूद्र यांच्याकडून राजानें महिन्यांतून एकेक दिवस काम करून घ्यावें, असें आहे. म्हणजे ज्याच्या डोक्यावर स्वतःचें ओझें आहे त्याला सर्वांनीं वाट द्यावी, आणि राजाच्या ओझ्याकरितां त्यालाच धरावा. हर्षाच्या छावणींतला तो पादपीठ वाहणारा या दोन वचनांच्या मधोमध उभा आहे. तो सर्वांस ढकलतो, कारण त्या दिवसापुरता मान त्याचा नसून पादपीठाचा आहे.

चिनी यात्रिक ह्युएन-त्संग याची साक्ष याच्या अगदीं विरुद्ध दिली जाते. भारतांत कर हलके आहेत, लोकांस वेठ नाहीं, असें तो लिहितो, आणि आमचे पाठ्यपुस्तककार तें तसेंच उतरवितात. पण या साक्षीदाराचीहि बैठक पाहिली पाहिजे. तो हर्षाचा पाहुणा होता. परतीच्या वाटेवर त्याच्या सोयीकरितां राजानें पांढऱ्या कापडावर पत्रें लिहवून, तांबडी लाख लावून, अधिकाऱ्यांच्या हातीं पुढल्या राज्यांस पाठविलीं, कीं यांस वाहनें व सोबत द्यावी. हें त्याच्याच चरित्रांत आहे. ज्याच्या वाटेवर घोडे आपोआप उभे राहतात त्याला ते कोणाच्या दारांतून सुटले हें दिसत नाहीं. त्याच चरित्रांत असेंहि आहे कीं, हर्ष चालतांना त्याच्या पावलागणिक सोन्याच्या नगाऱ्यांचा ठोका पडे, असे नगारे शेंकड्यांनीं असत, आणि हा मान दुसऱ्या कोणा राजास नव्हता. आणखी एक बारीक उल्लेख त्याच्या प्रवासवृत्तांत आहे: कजंगल प्रदेशांत राजाच्या मुक्कामासाठीं गवताचीं घरें उभारीत आणि मुक्काम हालतांच तीं जाळून टाकीत. वाचणारे यांत राजाचा साधेपणा पाहतात. आम्हांस मात्र प्रश्न पडतो कीं गवत कोणाचें, तें कापलें कोणीं, आणि जाळल्यावर त्या वर्षीं गुरांनीं काय खाल्लें.

वेठ नव्हती हें म्हणणें ताम्रपटांपुढें टिकत नाहीं. हर्षाचा बांसखेड्याचा ताम्रपट (इ. स. ६२८) आणि मधुबनचा (६३१) हे दोन्ही जयस्कंधावारांतून, म्हणजे फिरत्या छावणींतून सुटलेले आहेत. दिलेलें गांव राजकुलास मिळणाऱ्या सर्व प्राप्तीसह दिलें व सर्व परिहारांनीं मुक्त केलें, असें त्यांत आहे. परिहार ही सूट. आणि जें नव्हतेंच त्याची सूट कोणी देत नाहीं. आपल्याकडे हा पुरावा याहून जुना व याहून बोलका आहे. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा विजयी छावणींतूनच निघालेली असून दिलेल्या शेतांत राजपुरुषांनीं शिरूं नये अशी तिची पहिली अट आहे. वाकाटक द्वितीय प्रवरसेनाचा अठराव्या राज्यवर्षाचा चम्मकचा ताम्रपट, जो वऱ्हाडांत अचलपूरजवळ सांपडला, तर यादीच देतो: सैनिकांचा प्रवेश नाहीं, गाई-बैल देणें नाहीं, फुलें व दूध देणें नाहीं, चारा, बसावयास कातडीं व कोळसा देणें नाहीं, सर्व प्रकारची विष्टि माफ. मिराशींनीं १९६३ च्या आपल्या संग्रहांत या शब्दांचा अर्थ उलगडला, तेव्हांपासून ते आमच्या डोळ्यांसमोरून हालत नाहींत. अधिकारी गांवांत उतरला म्हणजे त्याला काय काय लागे, त्याची ही पावती आहे. फरक इतकाच कीं, ती ज्यांनीं दिलें त्यांची नसून ज्यांस द्यावें लागलें नाहीं त्यांची आहे.

येथें आणखी एक गोष्ट सुचते. बाणाच्या कथेंत पहिल्याच मुक्कामीं ग्रामाक्षपटलिक वृषभाची सोन्याची मुद्रा राजापुढें धरतो, ती हातून सुटून मातींत पडते, लोक अपशकुन समजतात, आणि हर्ष ती पृथ्वीवर उमटलेली आपली मुद्रा मानून शंभर गांवें ब्राह्मणांस देऊन टाकतो. दान थोर, पण शंभर गांवांवरचा मुक्कामाचा भार उतरला तर तो छावणीच्या खर्चांतून वजा होत नाहीं. हत्ती तितकेच खातात. तो भार वाटेवरच्या एकशें एकाव्या गांवावर गेला असला पाहिजे, आणि त्या गांवाला ताम्रपट नाहीं.

मराठी कागदांच्या संग्राहकांस हें परकें वाटूं नये. मातुःश्री राधाबाई १७३५ सालीं उत्तरयात्रेस निघाल्या, उदयपुरास व जयपुरास त्यांचा राजमातेसारखा सत्कार झाला, महंमदखान बंगशानेंहि मान राखला. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या वर्षांत पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड संपादिले, तेव्हांपासून बाजीरावाच्या दबदब्याचें माप म्हणून ही यात्रा सांगतात, आणि तें माप खोटें नाहीं. परंतु सत्कार पत्रांत उतरतो. त्या लवाजम्यास वाटेंत लागलेलें गवत, सरपण, मशालींचें तेल, वाट दाखवावयास व ओझें उचलावयास धरलेला माणूस हें गांवच्या हिशेबाच्या कागदावर उतरतें, आणि उतरतेंच असें नाहीं. आपल्याकडे हा भार वतनाच्या नांवाखालीं बहुतेक महारांवर पडे. कोल्हापूर संस्थानांत शाहूमहाराजांनीं १९१८ सालीं महारवतनें रद्द केलीं, डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे-कौन्सिलांत याविषयीं बिल आणलें. आणि मुंबई राज्यांत कायद्यानें शेवट व्हावयास १९५८ साल उजाडलें.

आम्ही नोकरींत असतां एकदां कोणा बड्या पाहुण्याची मोटार जावयाची म्हणून वर्गच्या वर्ग उन्हांत रस्त्याच्या कडेला उभे केले होते. दोन तास गेले, दोन मुलें भोंवळ येऊन पडलीं, आणि मोटार वेग कमी न करतां निघून गेली. शाळेच्या दैनंदिनींत ‘स्वागत उत्साहानें झालें’ अशी नोंद आहे. नोंद आमच्याच हातची आहे. बाणाला दोष देतांना ती आठवते.

कुमाऊंत बागेश्वर येथें १९२१ च्या मकरसंक्रांतीस बद्रीदत्त पांडे यांच्या पुढारीपणाखालीं लोकांनीं कुली-बेगारीच्या वह्या शरयूच्या पात्रांत फेंकल्या. अंमलदारांचें सामान कोणीं केव्हां वाहावें याचा हिशेब त्या वह्यांत असे. त्यांनीं योग्य केलें याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. तरी संग्राहकाचें मन चुटपुटतेंच. आपल्याकडे मात्र हे कागद नदींत गेले नाहींत, ते रद्दींत गेले. एका घरीं सनदा व खलिते कापडांत बांधून देव्हाऱ्याखालीं ठेविलेले आम्ही पाहिले. त्याच घरच्या माळ्यावरील गांवखर्चाच्या याद्या आम्ही पोंचण्याच्या आदल्या आठवड्यांत वजनावर गेल्या होत्या. घरच्यांस दोष नाहीं. कोणतें पान जपावें हें त्यांनीं आमच्यासारख्यांकडूनच ऐकलें होतें, आणि आम्ही आजवर मोर्तब असलेलें पान तेवढें मागत आलों.

तेव्हां सभासदांपैकीं ज्यांच्या रुमालांत स्वारीच्या मुक्कामाचीं अशीं पानें निघतील त्यांनीं तीं मोर्तब नाहीं म्हणून बाजूस टाकूं नयेत. निदान गांव, तिथि, कोणाची स्वारी, कोणते जिन्नस व किती, आणि पैसा चुकता झाल्याची नोंद आहे कीं नाहीं, एवढें उतरवून मंडळाकडे धाडावें. पान अर्धें कसरीनें खाल्लें असल्यास उरलें तेवढें.